अकरा फोनांचं सहस्रावर्तन

आमोदचं गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं गेलं ते माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या सोसायटीतल्या बायका सांगतीलच, आणि सांगताना शेंगदाण्यांचा भाग तेवढा गाळतील.

मी उल्का. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, म्हणजे शिकवणं थांबलंय, सवय थांबलेली नाही. कोथरूडला एकाच इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तिसऱ्यावर माझा भाऊ श्रीनिवास, वहिनी आणि त्यांचा मुलगा आमोद. ते दोघं नोकरीवाले, त्यामुळे आमोद लहानपणी शाळा सुटली की थेट माझ्याकडे यायचा. त्याचा अभ्यास, डबा, पोहण्याचा क्लास, अकरावीचा अर्ज, सगळं मीच बघितलं. चौथीत चित्रकला स्पर्धेत त्याच्या बदकाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. ते बदक मी काढलं होतं. पहिलं का नाही मिळालं, हे विचारायला मी त्याच्या शाळेत गेलेही होते.

तो आता सत्तावीस वर्षांचा आहे. धायरीला मुलांना गिटार शिकवतो आणि लग्नांमध्ये संगीताच्या कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी गातो. तिसऱ्या गाण्याला नवऱ्या मुलीचे काका स्टेजवर चढतात आणि त्याच्या हातातून माइक काढून घेतात. हे दर लग्नात होतं, काका फक्त बदलतात. मागच्या वर्षी त्याने पहिल्यांदा स्वतःचं गाणं केलं. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा. नाव 'बोट'. एका मित्राच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंग केलं आणि गाण्यांच्या ॲपवर चढवलं.

शनिवार पेठेत 'नादवेल' म्हणून एक मंडळ आहे. त्यांनी नव्या कलाकारांचा कार्यक्रम जाहीर केला. पाच जण, चारशे खुर्च्यांचं सभागृह, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःचीच गाणी म्हणायची. अट एकच होती. निदान एक गाणं नेटवर प्रसिद्ध झालेलं असावं आणि वीस फेब्रुवारीपर्यंत ते हजार वेळा वाजलेलं असावं.

"आत्या, एकदा तरी चारशे लोकांसमोर माझं गाणं गायचंय," आमोद म्हणाला. "एकदाच. मग परत देतो काकांच्या हातात माइक."

हे म्हणताना तो हसला, पण त्याची सगळी हसणी मला पाठ आहेत. हे त्यातलं नव्हतं.

पाच फेब्रुवारीला आकडा होता तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"हजार कसे करतात?" मी विचारलं.

"प्रमोशन करायचं. रील्स टाकायची. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. मग पुढचं अल्गोरिदम ठरवतो."

"अल्गोरिदम मला नको सांगूस. मी मसावि काढायला शिकवलाय."

"तो वेगळा गं."

"काही वेगळा नाही. शेवटी बाकी शून्यच उरते."

आमोदने मन लावून रील्स केली. गिटार घेऊन तो इस्त्रीवाल्याच्या टेबलाशेजारी उभा राहिला, भाजीवालीच्या हातगाडीपाशी उभा राहिला, गच्चीत पाण्याच्या टाकीवर बसला. टाकीचं रील चार हजार लोकांनी बघितलं. आम्ही हरखून गेलो. मग खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. मागे टाकी भरून वाहत होती आणि झाडून सगळ्यांनी "आधी कॉक बंद करा" असं लिहिलं होतं. एका गृहस्थांनी धरणातला पाणीसाठा टक्क्यांत दिला होता. गाण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

मीही हातभार लावला. सोसायटीच्या ग्रुपवर गाण्याची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी ऐकावे.' गाण्यावर आमोदचा मान खाली घातलेला काळापांढरा फोटो होता. दहा मिनिटांत सात जणांनी हात जोडले, दोघांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आणि सी विंगमधल्या एकाने विचारलं की पार्किंगमधली पांढरी गाडी आता तरी हलवणार का. श्रीनिवास संध्याकाळी ऑफिसातून आला तेव्हा वॉचमनने त्याच्यासाठी लिफ्ट स्वतः उघडून धरली.

बारा तारखेला आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशीच होता. आमोद माझ्याकडे जेवायला बसला होता आणि पोळीचे तुकडे करून ठेवत होता, खात नव्हता. बोलता बोलता म्हणाला, "गाणं तीस सेकंद वाजलं ना आत्या, तरी एक मोजतात. तेवढंसुद्धा कोणी थांबत नाही."

तो गेला आणि मी कागद-पेन्सिल घेतली.

आमचं सोसायटीत अथर्वशीर्ष मंडळ आहे. दर मंगळवारी आम्ही अकरा जणी क्लबहाउसमध्ये जमतो. गणपतीत सहस्रावर्तन करतो, म्हणजे अथर्वशीर्ष हजार वेळा म्हणायचं. एकीने हजारदा म्हणायचं नसतं. अकरा जणींनी एक्क्याण्णव वेळा म्हटलं की एक हजार एक होतात, वरचा एक चूकभूल म्हणून देवाला. मोजायला प्रत्येकीपुढे वाटीत एक्क्याण्णव शेंगदाणे असतात, एक आवर्तन झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. आणि अथर्वशीर्षाच्या शेवटी जी फलश्रुती असते, म्हणजे हे म्हटल्याने काय काय मिळेल तो भाग, ती दर वेळी म्हणायची नाही. ती शेवटच्या आवर्तनाला एकदाच. हे सगळीकडे असंच करतात, मी शोधून काढलेलं नाही.

मी शोधून काढलं ते एवढंच, की हे गाण्यालाही लागू पडतं.

मंगळवारी सगळ्या जमल्यावर मी योजना मांडली. प्रत्येकीने फोनवर 'बोट' लावायचं, एकतीस सेकंद झाली की परत सुरुवातीला ओढायचं आणि एक दाणा टाकायचा. एक्क्याण्णव गुणिले एकतीस सेकंद म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं. "उरलेलं गाणं?" श्यामलाताईंनी विचारलं. त्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ, विधीच्या बाबतीत फार कडक.

"ते फलश्रुतीसारखं. शेवटी सगळ्यांनी मिळून एकदाच ऐकायचं."

त्यांना ते एकदम पटलं. त्या म्हणाल्या, "असं शास्त्रशुद्ध असेल तर काही हरकत नाही."

अडचण एकच होती. आमच्यातली एक लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे अकरावी कमी पडत होती. तेवढ्यात जुबेदा माझं ब्लाउज द्यायला क्लबहाउसवर आली. सोसायटीच्या फाटकाशेजारी तिचं फॉल-बिडिंगचं आणि शिवणाचं दुकान आहे. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून ती मला बाई म्हणते. मी तिला हात धरून बसवलं.

"बाई, मला नाही येत हो अथर्वशीर्ष."

"अथर्वशीर्ष नाही. आमोदचं गाणं आहे."

"मग बसते की," ती म्हणाली आणि पर्समधून इअरफोन काढून कानात घातले.

पहिली दोन मिनिटं फार वाईट गेली. जुबेदाचा सोडून दहा फोन, दहा जागी गाणं. भाजी मंडईत दहा आमोद एकदम ओरडावेत तसा आवाज. मग कुणीतरी सुचवलं की आवाज बंद केला तरी वाजल्याचं मोजतातच की. सगळ्यांनी आवाज बंद केले आणि क्लबहाउसमध्ये एकदम शांतता पसरली. फक्त दाणे पडल्याचा टकटक आवाज. मधे श्यामलाताईंचे चार दाणे कमी भरले. त्या म्हणाल्या की मोजण्यात चूक झाली असेल, पण त्या चावत होत्या हे मी बघितलं होतं.

जुबेदा मात्र ऐकेना. म्हणजे ती एकटीच ऐकत होती. तिला मी दोनदा खूण केली की ओढ मागे, ओढ मागे. तिने मान हलवली. "अर्धवट कसं टाकू बाई? पोरगं गातंय ना अजून." आमच्या दहाजणींचं संपलं तेव्हा तिचे तेराच दाणे पडले होते. उरलेले अठ्ठ्याहत्तर ती पदराला बांधून दुकानात घेऊन गेली, मशीनवर बसल्या बसल्या करते म्हणाली.

शेवटी एकदा पूर्ण गाणं ऐकायचं ठरलं होतं हे खरं आहे. पण तेवढ्यात इडल्या आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोद माझं दार बडवत होता. आकडा तेराशे नऊ. माझ्या हिशेबाने तेराशे सात व्हायला हवे होते, वरचे दोन कोण ते देव जाणे. त्याने मला उचलून गोल फिरवलं, माझा चष्मा पडला.

"आत्या, लोक ऐकतायत गं!"

"ऐकणारच," मी म्हटलं. "न ऐकायला काय झालं."

मग तो ओट्यावर चढून बसला आणि बोलत सुटला. एका रात्रीत एवढे लोक कुठून आले असतील? कुणीतरी कुणाला तरी पाठवलं असेल. एखादा मुलगा होस्टेलवर एकटाच ऐकत बसला असेल, रात्री, परत परत. "शेवटचं कडवं ऐकून त्याला काय वाटलं असेल गं?" मला तेव्हा जरा टोचलं. पण त्याने त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या, 'नादवेल'कडे अर्ज पाठवला आणि मी त्या टोचण्यावर पाणी ओतलं.

सतरा तारखेला तो पुन्हा आला. या वेळी दार वाजवलं नाही, किल्ली लावून आला. हातात फोन होता.

"गाणं काढून टाकलं," तो म्हणाला. "खोट्या पद्धतीने वाजवलंय म्हणतात. एकाच वायफायवरून, एका तासात, नऊशेच्या वर. प्रत्येक वेळी बरोब्बर एकतिसाव्या सेकंदाला तोडलंय. कोणीतरी बॉट लावले असणार आत्या. पण माझ्या गाण्याला कोण लावेल?"

"बॉट म्हणजे?"

"म्हणजे माणसं नाहीत. यंत्रं. नुसती वाजवत बसतात, ऐकायला आत कोणी नसतं."

"श्यामलाताईंना यंत्र म्हणाले?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पंचाहत्तर वर्षांची बाई आहे ती!"

बोलले आणि कळलं की काय बोलले.  मग मी सगळं सांगितलं, गुणाकारासकट. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, आमच्या घरी भांडणं लवकर मिटतात. तो ओरडला नाही. खुर्चीवर बसला आणि अगदी हळू विचारलं, "तू तरी ऐकलंस का गाणं?"

"म्हणजे काय! एक्क्याण्णव वेळा."

"शेवटचं कडवं काय आहे?"

मला सुरुवात येत होती. 'बोट धरून तू नेलंस तेव्हा रस्ता सोपा झाला.' एवढं मी त्याच्या तोंडून येता-जाता ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते कुणा मुलीवर आहे असं समजून मनातल्या मनात तिची पत्रिकाही बघून ठेवली होती. पुढचं येत नव्हतं. तो मिनिटभर थांबला. तेहतीस वर्षं मी मुलांना उभं करून असंच थांबत आले होते. मला ठाऊक नव्हतं की समोरच्याला ते इतकं लांब वाटतं.

"राहू दे," म्हणाला आणि वर गेला.

आता मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. तासाभरात मी 'नादवेल'च्या चिटणिसाचं नाव काढलं आणि मला हायसं वाटलं. अवधूत! माझा विद्यार्थी, आठवी ब, भूमितीत कायम काठावर. त्याच्या दहावीच्या आधी महिनाभर मी त्याला घरी बसवून प्रमेयं घोटून घेतली होती. तो मला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मी फोन केला, त्याने उचलला नाही, म्हणून निरोप ठेवला की तुझ्या बाई आहेत, महत्त्वाचं काम आहे. मग साडी बदलली आणि जुबेदाच्या दुकानात गेले. तिला साक्षीला बरोबर न्यायचं होतं. निदान तिची एक्क्याण्णव तरी खरी होती.

"चल," मी म्हटलं. "शनिवार पेठेत जायचंय. तिथल्या चिटणिसाला सांगायचं की हे गाणं तू पूर्ण ऐकलंयस."

जुबेदाने मशीन थांबवलं नाही. "येते. पण बाई, तुम्ही ऐकलंत का शेवटपर्यंत?"

"तू पण तेच विचार आता!"

"रागावू नका. ऐका आधी, मग जाऊ."

"कुठे ऐकू? काढून टाकलंय ते."

"मला पाठ झालंय की," ती म्हणाली आणि हातातली साडी सरकवत सरकवत गाऊ लागली. सुरात म्हणता येणार नाही, आणि मशीनचा खडखडाट होताच. पण शब्द स्पष्ट होते.

'बोट सोड ना आता जरा, माझं मला पडू दे,
गुडघा फुटला तर फुटू दे, माझं मला रडू दे.
उठेन तेव्हा घरीच येईन, दार उघडं असू दे,
धावत नको येऊस, तिथूनच हसताना तू दिसू दे.'

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर मी बसले. मला राग आला, मग लाज वाटली, मग परत राग आला, की हे त्याने मला तोंडावर का नाही सांगितलं. मग लक्षात आलं की सांगितलं असेलच. दर वेळी एकतिसाव्या सेकंदाला मी मधे बोलले असेन.

"मुलीवर नाहीये हे," मी म्हटलं.

"नाही हो बाई," जुबेदा म्हणाली. "मला पहिल्याच दाण्याला कळलं होतं."

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. अवधूत.

"बाई, नमस्कार! निरोप मिळाला. काय काम काढलंत? तुम्ही फक्त सांगा."

तुम्ही फक्त सांगा. असं वाक्य ऐकल्यावर माझ्या तोंडून काम आपोआप बाहेर पडतं. आमोदचं पूर्ण नाव जिभेवर आलं होतं. समोर जुबेदाने पहिल्यांदाच मशीन थांबवलं होतं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "तुझी... तब्येत कशी आहे ते विचारायचं होतं."

"तब्येत? बरी आहे, बाई."

"पायथागोरस लक्षात आहे?"

"आहे बाई," तो घाबरून म्हणाला.

"मग झालं तर." मी फोन ठेवला.  जुबेदाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मशीन सुरू केलं.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण होते. सोप्या गोष्टी न करणं फार अवघड असतं. वर आमोदच्या पावलांचे आवाज येत होते आणि मी जिना चढले नाही. वीस तारखेला सकाळी तो गिटार घेऊन बाहेर पडला. कुठे चाललास, डबा नेतोस का, दुचाकीत पेट्रोल आहे का, यातलं मी काहीही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन सबंध कोबी चिरला. आमच्याकडे कोबी कुणी खात नाही.

दुपारी तो माझ्याकडे आला आणि स्वतःहून सांगू लागला. 'नादवेल'च्या कचेरीत जाऊन त्याने चिटणिसांना सगळं खरं सांगितलं होतं. अकरा जणी, शेंगदाणे, इडल्या. चिटणीस हसले नाहीत. हजारची अट आहे म्हणजे आहे, म्हणाले. मग याने विचारलं की तुम्ही स्वतः किती गाणी शेवटपर्यंत ऐकलीत. तेव्हा ते जरा वेळ पेपरवेट फिरवत बसले. म्हणाले, आम्ही आकडा बघतो. गाणी ऐकायची राहिलीत. मग म्हणाले, म्हण इथे. याने टेबलासमोर उभं राहून म्हटलं.

"आणि?"

"आणि पाच जणांत नाही घेतलं. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कलाकाराच्या मधे तबल्याचे माइक हलवायला सात मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पडद्यापुढे उभा राहून एक गाणं म्हण, म्हणाले. पत्रिकेत नाव छापणार नाहीत. अट मोडल्यासारखं होईल म्हणून."

"सात मिनिटांत लोक चहाला जातील! बटाटेवड्याच्या वासाने निम्मं सभागृह रिकामं होतं. अवधूतला मी एक फोन..." एवढं बोलून मी तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला.

आमोद माझ्याकडे टक लावून बघत होता. "जुबेदामावशींनी म्हणून दाखवलं वाटतं?"

मी मान डोलावली.

"जातील तर जाऊ देत चहाला," तो म्हणाला. "पण हे मी मिळवलंय."

मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी मी आणि जुबेदा सहाव्या रांगेत बसलो. श्रीनिवास आणि वहिनी पुढे होते. दुसऱ्या कलाकाराचं संपलं, पडदा पडला आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. चारशेपैकी दीडशे माणसं ताडकन उठली. आमोद पडद्यापुढे आला तेव्हा खुर्च्या खटाखट मिटत होत्या. माझ्या मागे एक जोडपं बाल्कनीला ग्रिल बसवायचं की जाळी, यावर वाद घालत होतं.

त्याने सुरू केलं. पहिलं कडवं कुणाला ऐकू गेलं असेल तर ते फक्त त्यालाच. मी माझ्या वर्गात नुसतं 'श्श' केलं तर साठ मुलं श्वास घ्यायची थांबत. अजूनही माझा तो आवाज शाबूत आहे, एवढ्याशा सभागृहाला तो पुरून उरला असता. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले.

दुसऱ्या कडव्यात तो चुकला. बोट घसरलं, सूर गेला, आणि तो थांबला. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. जुबेदाने माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

"बसा बाई."

आमोदने तार पिळली, कान लावला, परत पिळली. "माफ करा," माइकमध्ये म्हणाला. "कडवं पुन्हा घेतो." आणि पुन्हा घेतलं. या वेळी आवाज मघापेक्षा मोकळा होता, पडून गेल्यावर आता अजून काय पडणार, अशासारखा. ग्रिलचा वाद थांबला. दारात चहाचे कप घेऊन उभे असलेले चारपाच जण तिथेच उभे राहिले. सगळं सभागृह शांत झालं असं मी म्हणणार नाही, मागे कुणाचा तरी फोन वाजत होताच. शेवटचं कडवं आलं तेव्हा तो आमच्या रांगेकडे बघत नव्हता. लांब कुठेतरी बघून गात होता. मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकत होते. त्याला सांगायला हवं होतं की किती छान आहे रे, पण ते नंतर सांगता येण्यासारखं होतं.

टाळ्या बऱ्यापैकी वाजल्या. मी सर्वांत आधी वाजवल्या नाहीत. चौथा-पाचवा हात माझा असेल.

आमोद पडद्याच्या कडेने आत गेला आणि मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "कोण होता हो हा? नाव नाहीये पत्रिकेत." पत्रिका उलटसुलट केल्याचा आवाज आला. मग तिने माझ्या खांद्याला हात लावला. "अहो, तुम्हाला माहितीये का, कोण होता तो?"

मला माहिती होतं. त्याचं नाव, गाण्याचं नाव, ते ॲपवर पुन्हा कधी चढवणार, क्लास कुठे घेतो, चौथीत कितवा आला होता, सगळं तोंडपाठ होतं. जुबेदा माझ्याकडे बघत होती.

मी डोळे पुसले आणि मागे वळले.

"मध्यंतरात तो बाहेर उभा असेल," मी म्हटलं. "त्यालाच विचारा."